मोहरीच्या डोळ्यांचा उंदीर

॥ श्री ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावण शुद्ध पंचमी, शके १८७२

रा. रा. वसंतराव हेडमास्तर, मुक्काम पेठ वडगाव, यांच्या सेवेशी नृसिंहाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आपल्या भगिनी सौ. माई यांची प्रकृती उत्तम असून आवाजही पूर्वीइतकाच खणखणीत आहे. आपला दमा पावसाळी हवेत उचल खात नाही ना? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आणि आपल्या बैठकीतल्या रानडुकराची तब्येत कशी आहे? (हा प्रश्न थट्टेचा समजू नये. पेंढा भरलेल्या जनावरांना पावसाळ्यात कसर लागते. गेल्या दिवाळीत आलो तेव्हा त्याच्या डाव्या कानातून भुसा गळताना मी पाहिला होता. परंतु ते डुक्कर आपण कसं पाडलंत हे आपण त्या वेळी शाळेतल्या चार मास्तरांना सांगत होता आणि डुक्कर नुकतंच आपल्या अंगावर आलं होतं, म्हणून मध्ये बोललो नाही.)

आपण मागच्या पत्रात विचारलंत की जहागीर विलीन झाल्यापासून मी दिवसभर करतो तरी काय. प्रश्न योग्य आहे, माईही तोच विचारते, फक्त इतक्या सौम्यपणे नाही. चोवीस वर्षं मी जहागिरीच्या शिकार-कचेरीत कारकून होतो. शिकारीला कारकून कशाला लागतो असं पुष्कळ जण विचारतात. त्यांनी मोठ्या लोकांची शिकार पाहिलेली नसते. पाहुणे बार काढत आणि मी नोंद काढत असे, आणि खरं सांगायचं तर जनावर बहुतेक वेळा माझ्या नोंदीनंच मरत असे. ही नोकरी गेल्या साली संपली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात घरी बसलेला नवरा म्हणजे वाटेत ठेवलेली ट्रंक. पहिले पंधरा दिवस माई मला वळसा घालून गेली, सोळाव्या दिवशी ठेचकाळली आणि म्हणाली की काय वाट्टेल ते करा, पण काहीतरी करा, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर करा.

तेव्हा मी मुंडकी करायला लागलो.

घाबरू नका. मातीची. आमचे घरमालक हंबीरराव आपल्याला आठवत असतील, जहागीरदार सरकारांचे लांबचे मेहुणे, ज्यांच्या मिशा आधी आत येतात आणि मग ते येतात. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर एक गवा, दोन सांबरं आणि मधोमध एक बिबट्या अशी मुंडकी टांगलेली आहेत, प्रत्येकाखाली ढालीच्या आकाराची फळी आणि पितळी पट्टीवर नाव-तारीख. (बिबट्याला हंबीरराव वाघ म्हणतात. एकोणीसशे एकतीस साली तो सहा फुटांचा होता. आता मेल्यावरही तो दर दिवाळीला अर्धा फूट वाढतो.) भाडं द्यायला गेलो की मला ती भिंत दाखवली जाई, जशी काही मी ती चोवीस वर्षं लिहिलीच नव्हती. एकदा जिना उतरताना मनात आलं की आपलीही अशी एक भिंत का असू नये? आपणही आयुष्यात काही अगदीच अहिंसक राहिलो नाही. उंदीर आहे, पाल आहे, विंचू आहे. फक्त त्यांची कुणी कदर केली नाही.

माती कशी करतात हे आपण शाळेत मुलांना शिकवावं म्हणून सविस्तर लिहितो. कुंभार गल्लीतून शाडू आणायचा. रद्दी कागद तीन दिवस भिजत घालून पाट्यावर वाटायचा. (पाटा माईचा. ह्या प्रकरणी जो संवाद झाला तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.) त्यात मेथ्यांची खळ घालायची, म्हणजे कसर लागत नाही आणि हिवाळ्यात घरात मेथीचे लाडूही होत नाहीत. मग हे सगळं पुरणासारखं मऊ मळून लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि समोर मेलेला उंदीर ठेवून बसायचं. उंदराचं तोंड सोपं वाटतं, पण वसंतराव, ते हंबीररावांच्या तोंडापेक्षा अवघड आहे, कारण त्याच्यात विचार चाललेला असतो. कान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत इतके पातळ दाबावे लागतात की पलीकडचा उजेड दिसावा. डोळ्यांना मोहरीचे दाणे, दातांना तांदळाच्या कण्या, मिशांना नव्या केरसुणीच्या काड्या. चुलीच्या वैलावर दोन दिवस वाळवला, काजळीनं रंगवला आणि सुताराकडून विड्याच्या पानाएवढी फळी करून घेऊन तिच्यावर बसवला. खाली बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी ठोकली: "उंदीर. नर. माजघर, धान्याच्या कणगीमागे. स्वहस्ते मारला. नृसिंह." तो भिंतीवर टांगून मी चार पावलं मागे सरलो, आणि खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. सहा महिन्यांत आमच्या भिंतीवर अकरा मुंडकी झाली. पालीला मला हसू आणता आलं, चिचुंद्रीच्या नाकाला तर शेजारच्या बायका हात लावून बघत आणि किंचाळत. माईनं एकदाही चांगलं म्हटलं नाही. मात्र आज सकाळी नागपंचमीला कुंभाराकडचा नाग न आणता तिनं माझ्या नागाचं मुंडकं मुकाट्यानं पाटावर ठेवून त्याला लाह्या-दूध दाखवलं. आमच्या संसारात ह्याला स्तुती म्हणतात.

हंबीररावांनी ही भिंत पाहिली तेव्हा मला वाटलं होतं की ते चिडतील, कारण थट्टा थोडीफार त्यांचीच होती. पण थट्टा कळायला माणसाला स्वतःविषयी जरा तरी शंका असावी लागते. ते पालीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पंत, हात चांगला हाय की तुमचा! आमच्या वाघाचा जबडा कसरीनं खाल्लाय बघा. तेवढा लावून द्या." मी मुंडकं घरी आणलं. जबडा उचकटला तर गाल हातात आला, गाल ओढला तर कपाळ आलं, आणि शेवटी बिबट्याचं म्हणून एक कान आणि थोडी कातडी एवढंच उरलं. बाकी सगळा मी घडवला. एक काचेचा डोळा सापडेना, तिथं हिरवी गोटी बसवली. एवढं मोठं डोकं भरीव करायचं तर महिनाभर पाटा चालला असता आणि मी माईशिवाय राहिलो असतो, म्हणून आत रद्दीचे कागद तसेच चुरगाळून कोंबले आणि वरून बोटभर माती लिंपली. हंबीररावांनी तो पाहून डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, अगदी असाच बघत होता माझ्याकडं. मी म्हटलं, असेल.

इथपर्यंत सगळी मौज होती. पुढचं लिहिताना मात्र हात जरा जड होतो.

आषाढाच्या सुरुवातीला आकाराम आला. आपल्याला तो आठवायला हवा. घाटाकडच्या जंगलातला आमचा शिकारी, बुटका, काळासावळा, बोलणं चार शब्दांचं आणि बार एकाच गोळीचा. माझ्या चोवीस वर्षांत जनावरं पडली त्यांतली दहांतली नऊ त्यानं पाडली असतील. पाहुण्यांचा बार आधी निघे, तो आभाळात, झाडात किंवा एकदा सरकारांच्या जेवणाच्या डब्यात जाई. मागोमाग आकारामचा बार निघे आणि जनावर पडे. मग सगळे टाळ्या वाजवत, आणि मी पक्क्या वहीत पाहुण्यांचं नाव लिही. आकारामचं नाव हाकाऱ्यांच्या यादीत, म्हणजे ढोल-डबे बडवून जनावर उठवणाऱ्यांत. चोवीस वर्षं. तशी मला आज्ञा होती, आणि आज्ञा नसती तरी मी तसंच लिहिलं असतं, कारण खरं लिहिणारा कारकून शिकार-कचेरीत दुसऱ्या दिवशी दिसला नसता.

आता नव्या सरकारचं जंगल खातं जहागिरीच्या जुन्या शिकाऱ्यांना रखवालदार म्हणून घेतंय. शिकाऱ्यांना, हाकाऱ्यांना नाही. आकाराम जंगलसाहेबांपुढे उभा राहिला तर साहेबांनी पक्की वही उघडून दाखवली की तू आयुष्यात डबा बडवण्यापलीकडे काही केलेलं नाहीस. मी स्वतः जाऊन सांगितलं, साहेब, त्याच्या हातात एक बंदूक द्या आणि लांब ठेवा एक नारळ. साहेब सज्जन आहेत, त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि खिन्नपणे म्हणाले की नारळाची तरतूद नाही. कागद पाहिजे. तेव्हा आकाराम माझ्याकडे आला, उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "मालक, तुमी रानात बसून दुसरी वही लिवत हुता न्हवं? कच्ची? तिच्यात आसंल की माजं नाव."

होतं. कच्च्या वहीत खरं लिहायची मला खोड होती. जागेवर जे दिसे ते मी तसंच टिपून ठेवी आणि मग कचेरीत येऊन पक्क्या वहीत त्याला कपडे चढवी. अशा सात कच्च्या वह्या कचेरी बंद झाली तेव्हा मी रद्दी म्हणून घरी आणल्या होत्या. वसंतराव, त्या सात वह्या मी भिजवल्या, पाट्यावर वाटल्या आणि त्यांची मुंडकी केली! मी त्याला भिंतीकडे बोट दाखवलं. आकारामनं सगळं ऐकून घेतलं, उठून उंदीर पाहिला, पाल पाहिली, आणि म्हणाला, "झ्याक झाल्यात." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याची दोन वेळची भाकरी मी मोहरीचे डोळे लावून भिंतीला टांगली होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही, आणि पक्क्या वह्या लिहिताना वाटायला हवी होती ती सगळी त्या एका दुपारी वाटली.

मग आठवलं की सातांतली एक वही, एकतीस सालापासून पुढची, वाटलेली नाही, ती बिबट्याच्या डोक्यात चुरगाळलेली आहे. तसाच हंबीररावांकडे धावलो. म्हटलं, जबड्याला चीर दिसतेय, दोन दिवस खाली द्या. तर ते म्हणाले, चीर पडू दे न्हायतर खिंडार पडू दे, शनिवारी जंगलसाहेब जेवायला येणार हाईत, वाघ भिंतीवरच पायजे. (बंदुकीचा परवाना नवा करून घ्यायचा होता. त्यासाठी आषाढातलं एक अख्खं बकरं आणि एक मातीचा बिबट्या एवढी तयारी होती.) मग मी सरळच विचारलं, तुम्हीच आकारामला चार ओळी लिहून द्या ना, की वाघ त्यानं मारला. ह्यावर हंबीररावांनी मिशा खाली ओढल्या आणि मला वाटलं आता खरं बोलतात. पण नाही. म्हणाले, "पंत, माझ्याकडं आता जहागिरीचं काय ऱ्हायलंय? ह्यो येक वाघच न्हवं का?" क्षणभर मला त्यांची दया आली. ती फार टिकली नाही, कारण लगेच त्यांनी वाघ आणखी चार इंचांनी वाढवला.

शनिवारी मलाही पानावर बोलावलं होतं, अर्थात साक्षीदार म्हणून. आकाराम वाढायला होता. बिबट्याच्या बरोबर खाली साहेब, त्यांच्या शेजारी हंबीरराव. तांबडा रस्सा फिरला, आणि तिसऱ्या भाकरीला हंबीररावांनी वाघ काढला. तो झुडपातून आला, दबला, उडी घेतली, आणि "असा बार टाकला!" म्हणून त्यांनी भिंतीवर मूठ मारली. एकोणीस वर्षांनी त्या बारानं पहिल्यांदा बिबट्या खरोखरच खाली पडला. पाटाच्या कडेवर आपटून त्याचे चार तुकडे झाले. गोटी घरंगळत साहेबांच्या भाताला जाऊन टेकली आणि तिथून हंबीररावांकडे बघत राहिली. आणि कागद! पाच-सहा बोळे सगळीकडे उडाले. हंबीररावांना वाचनाची फारशी गोडी नसली तरी धोका कळतो. एका कागदावर एकतीस साल दिसताच त्यांनी इतक्या चपळाईनं त्यावर झडप घातली आणि तो रश्श्याच्या पातेल्यात बुडवला की आम्ही थक्क झालो. माझ्या माहितीप्रमाणे ही त्यांनी स्वतः केलेली पहिलीच शिकार.

बाकीचे बोळे मातीला चिकटून वाचण्यापलीकडे गेले होते. एकच कागद साहेबांच्या हाती धड लागला, आणि तो त्यांनी मोठ्यानं वाचला. अक्षर माझं. "मोठं रानडुक्कर, नर. पाहुण्यांचा पहिला बार जांभळीच्या झाडास. बंदूक खाली, पाहुणे वर, त्याच झाडावर. दुसरा बार आकाराम. डुक्कर जागीच. पाहुण्यांस उतरवण्यास शिडी मागवली." साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी विचारलं, हा आकाराम म्हणजे तो नारळवालाच का? तेव्हा कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला आकाराम म्हणाला, "म्याच जी." साहेब हसायचे थांबले. त्यांनी हात धुतले, कागद पुन्हा वाचला आणि सांगितलं की कच्चा कागद एकटा चालणार नाही, पण पाहुण्यांनी स्वतःच्या सहीनं एवढं लिहून दिलं की ही नोंद खरी आहे, तर श्रावण संपायच्या आत ह्याला रुजू करून घेतो. आकारामनं माझ्याकडे पाहिलं. मी बिबट्याचा कान गोळा करत होतो.

असो. हंबीररावांनी आम्हांला दिवाळीपर्यंत खोल्या सोडायला सांगितल्या आहेत. खिळा मी आधी ढिला केला होता असा त्यांचा आरोप आहे, आणि एका प्रतिष्ठित निवृत्त कारकुनावर असा आरोप व्हावा ह्याचं माईला हसू येतं. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार सांगावा, मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरवावा आणि दम्याला जपावं.

आपला
नृसिंह

ता. क. — एक सांगायचं राहिलं. ज्या कागदाला साहेब हसले त्याच्यावर पाहुण्यांचं नाव होतं, ते मी वर मुद्दामच गाळलं. साहेब वाचत असतानाही मी शेजारून वाकून त्यावर बोट ठेवलं होतं. सन अडतीस, उन्हाळ्याची सुटी, पाहुणे रा. रा. वसंतराव मास्तर, पेठ वडगाव. आपल्या बैठकीतलं डुक्कर, वसंतराव, आकारामचं आहे. मजकूर मी सोबत लिहून पाठवला आहे, आपण खाली फक्त सही करायची. शाळेत आपण दर वर्षी मुलांना ही गोष्ट सांगता हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी शिडीसकट सांगा, मुलांना जास्त आवडेल. डुकराचा कान मी नवा करून देईन, मेथ्या घालून.

ता. क. दुसरा — खिळा मीच ढिला केला होता. शुक्रवारी, भाडं द्यायला गेलो तेव्हा.

ता. क. तिसरा — पत्र माईनं वाचलं. ती म्हणते की दादाला झाडावर मी लहानपणीही पुष्कळदा पाहिलंय, त्यात त्यानं लाजण्यासारखं काही नाही. पण तिनं पाकीट दाबून धरलंय आणि म्हणते की आधी भिंतीवरचा उंदीर खरा करा, मग माझ्या भावाकडं सही मागा. तो उंदीर तिनं पोळपाटानं मारला. मी त्या वेळी ट्रंकेवर उभा राहून तो कुठल्या बाजूला पळतोय ते ओरडून सांगत होतो. पाल, विंचू, चिचुंद्री, सगळे तिचेच. तेव्हा जुनी पट्टी काढून आत्ताच नवी ठोकली आहे: "उंदीर. नर. मारला सौ. माईनं. हाकाऱ्या, नृसिंह." लिहायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. आपणही बसल्या बैठकीत सही करून टाका, आकाराम हे पत्र घेऊन स्वतःच आला आहे आणि आपल्या ओट्यावर बसला असेल.